गिटमध्ये आपली कमांड

संगणकावर ‘गिट-शिळे’ नावाची एक साधी मजकूर फाइल तयार करा. तिच्यात दोन-तीन ओळी लिहा, ती ‘चालवण्याजोगी’ असल्याची खूण तिच्यावर करा आणि शेल ज्या फोल्डरांमध्ये प्रोग्रॅम शोधतं त्यांतल्या एखाद्यात ठेवून द्या. आता टर्मिनलवर ‘गिट शिळे’ असं टाइप करून एंटर मारा. कमांड चालते. कुठे नोंदणी करावी लागत नाही, कुठल्या सेटिंगमध्ये तिचं नाव घालावं लागत नाही, गिटच्या सोर्सकोडला हात लावायचा तर प्रश्नच नाही. फाइलच्या नावात आधी ‘गिट’ आणि मग आडवी रेघ आहे, एवढंच गिटला पुरतं.

सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांपैकी बहुतेक जण गिट रोज वापरतात. कोणी, कधी, कोणत्या फाइलमध्ये काय बदल केला याचा इतिहास ठेवणारं हे साधन. पण त्यात आपल्या गरजेची कमांड बसवणं इतकं सोपं आहे, हे वर्षानुवर्षं वापरणाऱ्यांनाही पुष्कळदा ठाऊक नसतं. आणि ज्यांना ठाऊक असतं त्यांच्या कमांडी बऱ्याचदा त्यांच्या स्वतःच्या लॅपटॉपवरच चालतात, शेजारच्या टेबलावर नेल्या की कोलमडतात. कमांड बसवणं पाच मिनिटांचं काम आहे. तिला नीट वागायला लावणं हेच खरं काम.

ही सोय गिटच्या घडणीतूनच आली. एप्रिल २००५ मध्ये लिनस टोरवाल्ड्स यांनी लिनक्स कर्नलच्या कामासाठी गिट लिहायला घेतलं. त्याआधी कर्नलचं काम बिटकीपर या व्यावसायिक साधनावर चाले आणि त्याचा फुकट परवाना काढून घेतला गेला होता. गिटच्या अगदी पहिल्या नोंदीत एक प्रोग्रॅम नव्हता, सात छोटे प्रोग्रॅम होते. एक रिकामी रिपॉझिटरी मांडणारा, एक फाइलींची नोंद घेणारा, एक कमिट तयार करणारा, अशी कामाची वाटणी. युनिक्सच्या जुन्या शिस्तीला धरूनच होतं ते. प्रत्येकानं एकच काम करावं आणि जोडणी शेलनं करावी. पुढे या प्रोग्रॅमांची संख्या वाढत गेली आणि त्याच वर्षी ‘गिट’ नावाचा एक आवरण-प्रोग्रॅम आला. तो सुरुवातीला निव्वळ शेल स्क्रिप्ट होता, मग सी भाषेत लिहिला गेला. त्याचं काम पोस्टात पत्रं छाटणाऱ्या कारकुनासारखं होतं. ‘गिट’नंतरचा शब्द पाहायचा आणि त्या नावाच्या प्रोग्रॅमकडे उरलेलं सगळं पोचतं करायचं. आत काय लिहिलंय याच्याशी त्याला कर्तव्य नाही. त्यामुळे तो प्रोग्रॅम गिटच्या मंडळींनी लिहिला की पुण्यातल्या एखाद्या विद्यार्थिनीनं, यात त्याला फरक करताच येत नाही.

काही वर्षं ही सगळी पिलावळ वापरणाऱ्याच्या नजरेसमोरच असे. शंभराहून जास्त ‘गिट-अमुक’ प्रोग्रॅम संगणकाच्या सार्वजनिक फोल्डरात पसरलेले असत. ऑगस्ट २००८ मध्ये आलेल्या १.६.० आवृत्तीनं त्यांतले बहुतेक उचलून गिटच्या खासगी फोल्डरात नेले. आडव्या रेघेसकट कमांड टाइप करायची सवय लागलेले लोक तेव्हा चिडले. पण बाहेरच्या माणसाची ‘गिट-अमुक’ फाइल चालवण्याचा रस्ता या आवराआवरीतही बंद केला गेला नाही.

आज ‘गिट शिळे’ म्हटल्यावर काय होतं ते क्रमानं पाहू, कारण पुढच्या अर्ध्या अडचणी या क्रमातूनच निघतात. गिट आधी स्वतःच्या पोटात असलेल्या कमांडींमध्ये हे नाव शोधतं. नाही सापडलं तर आपल्या खासगी फोल्डरात आणि मग ‘पाथ’ या शेलच्या यादीतल्या फोल्डरांत ‘गिट-शिळे’ नावाची फाइल पाहतं. तिथंही नाही, तर तुम्ही कॉन्फिग फाइलमध्ये लिहून ठेवलेल्या टोपणनावांकडे, म्हणजे एलियसांकडे वळतं. तेही हुकलं तर ‘तुम्हाला हे म्हणायचं होतं का?’ असं विचारून जवळपासची नावं सुचवतं. सुचवलेली कमांड आपोआप चालवण्याचीही सोय आहे. तिच्या सेटिंगमधला आकडा सेकंदाच्या दहाव्या भागांत मोजतात, म्हणजे १० लिहिलं तर एक सेकंद थांबून गिट स्वतःच्या अंदाजावर कामाला लागतं. मला हे धाडस वाटतं. चुकीचं टाइप केलेलं दुरुस्त करायला एक सेकंद कुणाला पुरतो?

या क्रमाचा पहिला धडा असा की गिटच्या मूळ कमांडीवर कुरघोडी करता येत नाही. ‘गिट-कमिट’ नावाची फाइल तुम्ही कितीही ठिकाणी ठेवा, गिट स्वतःचीच चालवणार. एका अर्थी हे बरंच आहे, नाहीतर दुसऱ्याच्या संगणकावर ‘गिट कमिट’ मारताना काय होईल याची खात्री राहिली नसती. युनिक्स शिकणारे पूर्वी आपल्या पहिल्या प्रोग्रॅमला हमखास ‘टेस्ट’ हे नाव देत आणि तो काहीच छापत नाही म्हणून डोकं धरून बसत. शेलची स्वतःची ‘टेस्ट’ कमांड आधी चालायची आणि ती मुकाट्यानं काम करून मोकळी व्हायची. इथंही तसंच होतं. उलट बाजू अशी की तुम्ही आज निवडलेलं नाव उद्या गिटनंच वापरलं, तर तुमची कमांड एक शब्दही न बोलता बाजूला पडेल. २०१९ मध्ये ‘स्विच’ आणि ‘रिस्टोअर’ या दोन मूळ कमांडी आल्या. इतकी साधी, सोयीची नावं आधीपासून घरगुती स्क्रिप्टांना वापरणाऱ्यांना त्या दिवशी ती बदलावी लागणार, हे उघड आहे. म्हणून नाव थोडं विशिष्ट असावं, संस्थेचं किंवा प्रकल्पाचं आद्याक्षर जोडलेलं असलं तर उत्तम.

जाता जाता, नाव देवनागरीत ठेवता येतं का? फाइल म्हणून ठेवलेल्या कमांडीला लिनक्सवर काही अडचण येत नाही, कारण फाइलचं नाव म्हणजे शेवटी बाइटांची ओळ. टोपणनाव मात्र कॉन्फिगच्या नेहमीच्या मांडणीत देवनागरीत बसत नाही. तिथं चलाच्या नावात रोमन अक्षरं, अंक आणि आडवी रेघ एवढंच चालतं.

आता आत काय लिहायचं? आपली ‘शिळे’ ही कमांड बरेच दिवस कुणी हात न लावलेल्या ब्रँच दाखवणार आहे. जुन्या प्रकल्पांत अशा ब्रँच ढिगानं साठतात. पहिला मोह होतो तो ‘गिट ब्रँच’ मारून तिचा मजकूर कापून वापरण्याचा. तो मजकूर डोळ्यांना सोपा दिसतो, प्रत्येक ओळीवर एक नाव, चालू ब्रँचसमोर चांदणी. चांदणी काढून टाकली की झालं, असं वाटतं. अशा कितीतरी स्क्रिप्टा लिहिल्या गेल्या आणि मग २०१९ मध्ये दुसऱ्या फोल्डरात उघडलेल्या ब्रँचसमोर अधिकचं चिन्ह छापलं जाऊ लागलं. चांदणी कापणाऱ्या स्क्रिप्टांना ते अधिक ब्रँचच्या नावाचाच भाग वाटलं. शिवाय कोणत्याही ब्रँचवर नसताना त्याच यादीत कंसातलं एक वाक्य येतं, ते वेगळंच. आणि ज्याच्या संगणकाची भाषा जर्मन किंवा फ्रेंच आहे त्याच्याकडे ते वाक्यही त्या भाषेत असतं.

गिटच्या जगात यासाठी दोन थर मानलेले आहेत. वरचा थर माणसांसाठी. त्यातल्या कमांडींचा मजकूर सोयीनुसार बदलू शकतो. खालचा थर स्क्रिप्टांसाठी आणि त्याचा मजकूर वर्षानुवर्षं तोच राहावा याची काळजी घेतली जाते. वरच्याला पॉर्सेलिन आणि खालच्याला प्लंबिंग म्हणतात. बेसिन आणि त्याखालचे पाइप यांच्यावरून पडलेली ही नावं. गंमत म्हणजे ‘गिट स्टेटस’कडून स्क्रिप्टसाठी स्थिर मजकूर हवा असेल तर जो पर्याय द्यायचा त्याचंच नाव ‘पॉर्सेलिन’ आहे. तर्काला हे धरून नाही, पण आता ते बदलणं शक्य नाही, कारण असंख्य स्क्रिप्टा त्यावर उभ्या आहेत.

ब्रँचच्या यादीसाठी खालच्या थरात ‘फॉर-ईच-रेफ’ नावाची कमांड आहे. तिला सांगायचं की फक्त स्थानिक ब्रँच घे, शेवटच्या कमिटच्या तारखेप्रमाणे लाव, आणि प्रत्येक ओळीत तारीख आणि नाव एवढंच छाप. सर्वांत जुनी ब्रँच आपोआप वर येते. ‘शिळे’चं पहिलं रूप एवढंच. वर शेलचं नाव सांगणारी ओळ आणि खाली ही एक. टोपणनावातही हे मावलं असतं आणि एवढ्यासाठी स्वतंत्र फाइल करू नये असंच माझं मत आहे. फाइल करण्याची वेळ येते ती अटी आल्यावर. नव्वद दिवसांपेक्षा जुन्याच दाखव, मुख्य ब्रँचमध्ये मिसळलेल्या वेगळ्या दाखव, अमुक नावांना हात लावू नकोस.

फाइलींच्या नावांशी काम पडलं की मराठी माणसाला एक खास धक्का बसतो. रिपॉझिटरीत ‘मराठी’ नावाची फाइल ठेवा आणि गिटला फाइलींची यादी मागा. नावाच्या जागी तिरक्या रेघा आणि आकड्यांची रांग येते. ‘म’ या एका अक्षराच्या जागी ३४०, २४४, २५६ असे तीन आकडे. बिघाड काही झालेला नसतो. गिट आपणहून रोमन लिपीबाहेरचा प्रत्येक बाइट अष्टमान पद्धतीनं लिहून दाखवतं आणि नावाला अवतरणचिन्हं लावतं. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात. ‘मराठी’त म, र, काना, ठ आणि दीर्घ वेलांटी अशी पाच चिन्हं, म्हणून पंधरा बाइट आणि पडद्यावर पंधरा आकडे. ‘कोर कोटपाथ’ ही सेटिंग बंद केली की नावं देवनागरीत दिसू लागतात. पण कमांड लिहिणाऱ्यानं वापरणाऱ्याच्या सेटिंगवर विसंबू नये. झेड हा पर्याय दिला की गिट नावं जशीच्या तशी देतं आणि दोन नावांच्या मध्ये नवीन ओळीऐवजी शून्य मूल्याचा बाइट टाकतं. युनिक्सवर फाइलच्या नावात मोकळी जागाच काय, चक्क नवीन ओळसुद्धा असू शकते. असू शकत नाही ते फक्त हा शून्य बाइट आणि तिरकी रेघ. म्हणून तोच एक दुभाजक भरवशाचा.

आणखी एक बारकावा, कारण तो आपल्याच लिपीतला आहे. ‘दुसऱ्या’मधला ‘ऱ’ युनिकोडमध्ये दोन रीतींनी लिहिता येतो. एकाच चिन्हानं, किंवा ‘र’ आणि नुक्ता मिळून. डोळ्यांना दोन्ही सारखेच, बाइट मात्र वेगळे. ॲपलच्या जुन्या फाइल-व्यवस्थेत अशी जोडचिन्हं सुटी करून साठवली जात, आणि त्यासाठी गिटला ती परत जोडणारी वेगळी सेटिंग द्यावी लागली. दोन नावांची तुलना करणारी कमांड लिहीत असाल तर चाचणीच्या फाइलींत एखादी ‘दुसऱ्या’ जरूर ठेवा.

कमांड बोलते कुणाशी, हा प्रश्न बहुतेकांना फार उशिरा सुचतो. टर्मिनलवर दिसणारा मजकूर दोन वेगळ्या प्रवाहांतून येतो. उत्तर एका प्रवाहात जावं, तक्रारी आणि सूचना दुसऱ्यात. पडद्यावर दोन्ही एकत्रच दिसतात, म्हणून लिहिणाऱ्याला फरक जाणवत नाही. पण कुणीतरी तुमची यादी पाइपमधून पुढच्या प्रोग्रॅमला देतो आणि ‘कृपया थांबा, शोधत आहे’ ही ओळ एका ब्रँचचं नाव म्हणून पुढे जाते. तिसरी वाट म्हणजे संपताना परत दिलेला आकडा. शून्य म्हणजे काम झालं, बाकी काहीही म्हणजे नाही झालं. ‘गिट बायसेक्ट’ बिघाड कोणत्या कमिटपासून सुरू झाला ते शोधून देतं. त्याला एखादी स्क्रिप्ट दिली तर तो शोध पूर्णपणे या आकड्यावर चालतो. ० म्हणजे हे कमिट चांगलं, १२५ म्हणजे इथं तपासता येत नाही, सोडून दे, १२७ पर्यंतचे बाकीचे आकडे म्हणजे वाईट, आणि त्यापलीकडचा आकडा आला की शोधच थांबतो. काही बिनसलं तरी शून्यच परत करणारी कमांड इथं सरळ खोटी साक्ष देते.

मदतीच्या मजकुरातही एक सापळा आहे. ‘गिट शिळे’पुढे दोन रेघा आणि ‘हेल्प’ लिहिलं तर ते तुमच्या स्क्रिप्टपर्यंत पोचतच नाही. गिट ते मध्येच पकडतं आणि ‘गिट-शिळे’ नावाचं मॅन पेज, म्हणजे मदतीचं पान, शोधू लागतं. तुम्ही ते लिहिलेलं नसेल तर वापरणाऱ्याला ‘असं पान नाही’ एवढंच कळतं. एका रेघेचा ‘एच’ मात्र स्क्रिप्टकडे येतो, तो तुम्ही सांभाळायचा. चार-पाच जणांनी वापरायची कमांड असेल तर एवढं पुरतं, त्यापुढे मॅन पेज लिहावंच.

कमांडीच्या सेटिंगसाठी वेगळी फाइल काढू नये. गिटच्या कॉन्फिगमध्ये ‘शिळे’ नावाचा (रोमन अक्षरांत लिहिलेला) आपला विभाग कुणालाही उघडता येतो. आपल्या आवडीचे दिवस सगळ्या प्रकल्पांसाठी एकदा लिहायचे आणि एखाद्या रिपॉझिटरीपुरते वेगळे लिहायचे, ही उतरंड आयती मिळते. कमांडीआधी रेघ आणि मोठा ‘सी’ देऊन दुसऱ्या फोल्डरात काम करायला सांगणं, छोटा ‘सी’ देऊन एका वेळेपुरती सेटिंग बदलणं, हे गिट स्वतःच सांभाळतं. स्क्रिप्टमध्ये त्यासाठी एक ओळ लिहावी लागत नाही. फुकट मिळणाऱ्या गोष्टींत एक खोडाही आहे. हुकमधून, म्हणजे कमिटसारख्या घटनेला जोडलेल्या स्क्रिप्टमधून, तुमची कमांड चालली तर ‘गिट-डिर’ नावाचा चल आधीच भरलेला असू शकतो. मग तुम्ही स्क्रिप्टमध्ये दुसऱ्या रिपॉझिटरीच्या फोल्डरात गेलात तरी गिट पहिल्याच रिपॉझिटरीवर काम करत राहतं. हा दोष शोधताना लोकांच्या दुपारच्या दुपारी जातात.

यादी दाखवणारी कमांड हळूहळू यादीतलं पुसणारी होते, हा निसर्गनियमच म्हणा. ‘शिळे दाखव’नंतर कुणीतरी ‘शिळे काढून टाक’ मागणारच. इथं ‘गिट क्लीन’चं वळण गिरवावं. नोंद नसलेल्या फाइली पुसणारी ही कमांड नुसती मारली तर नकार देते, ठामपणे ‘एफ’ द्यावा लागतो, आणि ‘एन’ दिला तर काय पुसलं जाईल ते फक्त सांगते. पुसलेल्या ब्रँचचं शेवटचं कमिट कोणतं होतं ते छापून ठेवलं तर ब्रँच परत उभी करता येते. ‘गिट ब्रँच’ स्वतः पुसताना ते छापतं, आपण का छापू नये?

‘नाव हाच परवाना’ हा नियम पुढे इतरांनीही उचलला. रस्ट भाषेचं कार्गो ‘कार्गो-अमुक’ फाइल शोधतं. फरक एवढाच की ते कमांडीचं नावही पहिला शब्द म्हणून आत पाठवतं आणि नवखे तिथे ठेचकाळतात. कुबरनेटिसचं क्युबसीटीएल आडव्या रेघांवरून उपकमांडीही ओळखतं आणि जास्तीत जास्त लांब जुळणारं नाव निवडतं. वर्डप्रेसच्या डब्ल्यूपी-सीएलआयनं दुसरी वाट धरली. तिथं पीएचपीचा वर्ग किंवा फंक्शन साधनाच्या आतच नोंदवायचं, आणि त्याच्या डोक्यावरच्या टिप्पणीत लिहिलेले पर्याय वाचून साधन मदतीचं पान तयार करतं, चुकीचा पर्याय दिला तर अडवतं. सोय मोठी आहे. पण भाषा एकच, आणि तुमचा कोड साधनाच्याच पोटात चालत असल्यानं तो कोसळला तर सगळंच कोसळतं. गिटच्या पद्धतीत सोयी कमी, मोकळीक जास्त. गिट-ॲनेक्स हास्केलमध्ये आहे, गिट-एलएफएस गोमध्ये, मूळचं गिट-फ्लो शेलमध्ये. वापरणाऱ्याला तिघांतला फरक दिसतही नाही.

या मोकळीकीची किंमत सुरक्षेत मोजावी लागते. कुणाचीतरी ‘गिट-अमुक’ फाइल उतरवून पाथमध्ये ठेवणं म्हणजे तुमच्या सगळ्या फाइली, तुमच्या नावानं पुढे पाठवण्याचे अधिकार, सगळंच तिच्या हाती देणं. गिट मध्ये कुठलीही भिंत घालत नाही. छोटी असेल तर फाइल उघडून वाचावी. मोठी असेल तर ती कोण सांभाळतं ते पाहावं. आणि ‘चालू फोल्डर’ हा पाथच्या यादीत कधीही असू नये, नाहीतर परक्या रिपॉझिटरीत नुसतं जाऊन कमांड मारणंही धोक्याचं ठरतं.

शेलमध्ये लिहिलेली कमांड कुठवर ताणावी? गिटचा स्वतःचा अनुभव सांगतो की बराच काळ. अर्धवट काम बाजूला ठेवणारं ‘गिट स्टॅश’ २००७ मध्ये शेल स्क्रिप्ट म्हणून आलं आणि २०१९ पर्यंत तसंच राहिलं. ‘रिबेस’ही २०१८ अखेरीपर्यंत मुख्यतः शेलमध्येच होतं. त्यांना सी भाषेत नेण्याचं एक मोठं कारण विंडोज होतं. शेल स्क्रिप्ट प्रत्येक छोट्या कामासाठी नवा प्रोग्रॅम सुरू करते आणि विंडोजवर ते फार महाग पडतं. या स्थलांतराचं बरंच काम गुगल समर ऑफ कोडमधल्या विद्यार्थ्यांनी केलं. पर्याय तेच राहिले, आधीच्या चाचण्याही तशाच्या तशा चालवल्या गेल्या. तरीही दोन्ही वेळा जुनी शेल आवृत्ती लगेच काढली नाही. नव्यात काही बिघडलं तर जुनीकडे परत जाता यावं म्हणून ‘यूजबिल्टिन’ नावाची सेटिंग काही आवृत्त्यांपुरती ठेवली गेली, आणि तक्रारी निवळल्यावर ती सेटिंग आणि जुनी स्क्रिप्ट दोन्ही काढून टाकली.